डबे रिकामे होण्याआधी

पश्चिम लंडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी शनिवारी फूड बँकेच्या कामाला जाते. आपली माणसं तिथे येतात तेव्हा बहुतेकदा दारातच घुटमळतात. फोन कानाला लावून उभी राहतात, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात. आत आल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही तसे नाही हो, पण..." त्या 'पण'नंतरचं ऐकताना दर वेळी जीव हळहळतो. ही बाई, हा मुलगा सहा आठवडे आधी आला असता तर! तेव्हा नुसता पगार थांबला होता. आता भाडं थकलंय, कौन्सिल टॅक्सची नोटीस आलीय, क्रेडिट कार्ड काठोकाठ भरलंय आणि डाळीच्या डब्याचा तळ दिसतोय.

हा लेख इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे, इथे शिकायला आलेल्या मुलामुलींसाठी आहे, आणि नाशिक-कोल्हापूर-मडगावात बसून इकडच्या फोनची वाट पाहणाऱ्या आईवडिलांसाठीही आहे. पैसे संपत आले तर कुठल्या दाराशी जायचं, तिथे काय बोलायचं आणि कुठल्या दारात पाऊल टाकण्याआधी व्हिसा तपासायचा, एवढं समजलं तरी पुष्कळ त्रास वाचतो.

कौन्सिल म्हटलं की आपल्याला कचऱ्याचे डबे, पार्किंगचा दंड आणि दरमहाचा टॅक्स एवढंच आठवतं. पण अडल्या माणसाला हातभार लावण्याचं कामही इंग्लंडमध्ये कौन्सिलकडेच आहे. २०१३च्या एप्रिलपर्यंत अचानक अडचण आली की केंद्र सरकारच्या सोशल फंडातून तातडीचं कर्ज किंवा अनुदान मिळे. ते बंद झालं आणि जबाबदारी कौन्सिलांवर आली. प्रत्येक कौन्सिलने आपापली योजना आखली, कुणी उदार, कुणी आखडत्या हाताची. ऑक्टोबर २०२१मध्ये सरकारने हाउसहोल्ड सपोर्ट फंड सुरू केला. १ एप्रिल २०२६पासून त्याच्या जागी क्रायसिस अँड रेझिलिअन्स फंड आला आहे आणि भाड्यातली तूट भरून काढणारी जुनी मदतही त्यातच सामावली आहे. नाव लक्षात राहिलं नाही तरी काही अडत नाही. तुमच्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग', 'क्रायसिस सपोर्ट' किंवा 'लोकल वेल्फेअर असिस्टन्स' यांपैकी कोणत्या तरी मथळ्याखाली ते सापडेल. नाही सापडलं तर सरळ फोन करा.

एक घोटाळा मात्र आधीच टाळा. हाउन्स्लो, हॅरो, ब्रेंट किंवा स्लाउमध्ये राहत असाल तर तुमचं कौन्सिल एकच. पण पुष्कळ भागांत काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दोन कौन्सिलं असतात. तातडीच्या मदतीचा निधी आणि मुलांची समाजसेवा काउंटीकडे, कौन्सिल टॅक्स आणि बेघरांची व्यवस्था डिस्ट्रिक्टकडे. एकाकडे अर्ज गेला आणि तो दुसऱ्याचा निघाला की आठवडा फुकट जातो. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की दोन्हींची नावं कळतात. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी आहे. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश वेल्फेअर फंड, तोही कौन्सिलमार्फतच. वेल्समध्ये डिस्क्रिशनरी असिस्टन्स फंड. उत्तर आयर्लंडमध्ये डिस्क्रिशनरी सपोर्ट, त्यासाठी मात्र कौन्सिलकडे जायचं नाही, तिथल्या सरकारी खात्याकडे जायचं.

आधी व्हिसा बघा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान याच ठिकाणी होतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. काहीजण भीतीपोटी हक्काचं असलेलंही घेत नाहीत. काहीजण माहिती नसल्यामुळे जे घ्यायला नको ते घेऊन बसतात.

तुमच्याकडे ब्रिटिश नागरिकत्व किंवा इंडेफिनिट लीव्ह, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, असेल तर तुमच्यावर सहसा ही बंधनं नसतात. तुम्ही युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचा सरकारी भत्ता), कौन्सिल टॅक्समधली सूट आणि कौन्सिलची तातडीची मदत, सगळ्यासाठी अर्ज करू शकता. पण स्किल्ड वर्कर, हेल्थ अँड केअर, स्टुडंट, ग्रॅज्युएट किंवा डिपेंडंट व्हिसावर असाल तर तुमच्या परवानगीत जवळजवळ नक्कीच 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' ही अट असणार. तुमच्या ई-व्हिसाच्या खात्यात ती दिसते. या अटीखाली युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, उत्पन्न कमी म्हणून मिळणारी कौन्सिल टॅक्समधली सूट आणि कौन्सिलकडून घर, हे सारं वर्ज्य. कौन्सिलच्या तातडीच्या अनुदानालाही साधारणपणे हीच अट लागू होते. अट मोडली तर पुढच्या व्हिसाच्या अर्जात ती आडवी येते. म्हणून व्हिसावर असाल तर कौन्सिलचा अर्ज भरण्याआधी जाणकार सल्लागाराला विचारा. मागाहून निस्तरत बसण्यापेक्षा एक दिवस थांबलेलं बरं.

आता दुसरी बाजू, जी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कुणी सांगत नाही. पब्लिक फंड्सची यादी कायद्याने ठरलेली आहे, आणि जे त्या यादीत नाही ते घेतल्याने अट मोडत नाही. फूड बँक त्या यादीत नाही, ती धर्मादाय मदत आहे. सरकारी शाळेतलं मुलांचं शिक्षण नाही. एनएचएसचे उपचारही नाहीत. एकटंच प्रौढ माणूस राहत असलेल्या घराला कौन्सिल टॅक्समध्ये मिळणारी २५ टक्के सवलत नाही. आजारपणाचं वेतन, बाळंतपणाचं वेतन आणि तुम्ही भरलेल्या नॅशनल इन्शुरन्सच्या जोरावर मिळणारा न्यू स्टाइल जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे बेकारीभत्ता, हेही पब्लिक फंड्समध्ये येत नाहीत. हा भत्ता तर तुमच्याच पगारातून कापलेल्या पैशांवर उभा आहे. नोकरी गेलेल्या किती इंजिनिअरांना हे ठाऊक नसतं! त्यांचं सारं लक्ष त्या ६० दिवसांवर असतं. नोकरी गेल्याचं स्पॉन्सर कंपनीने कळवलं की होम ऑफिस साधारणपणे व्हिसाची मुदत तेवढ्यावर आणतं, आणि त्या घालमेलीत हातात असलेला हक्क सुटून जातो. तुमच्या व्हिसावर तो कसा मागायचा हेही सल्लागाराकडूनच पक्कं करून घ्या.

नवराबायकोपैकी एकाला बंधन आहे आणि दुसऱ्याला नाही, अशी घरंही पुष्कळ आहेत. ज्याला बंधन नाही तो स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. मात्र बंधन असलेल्या जोडीदारामुळे मदतीची रक्कम वाढता कामा नये. अर्जात दोघांचा व्हिसा जसा आहे तसा स्पष्ट लिहावा.

घरात लहान मूल असेल आणि खायला-राहायला काहीच उरलं नसेल तर आणखी एक दार आहे. चिल्ड्रन अ‍ॅक्ट १९८९च्या १७व्या कलमाखाली, हलाखीत सापडलेल्या मुलाला त्याच्या कुटुंबासकट आधार देणं ही कौन्सिलच्या मुलांच्या विभागाची जबाबदारी आहे. ही मदत पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. "ते लोक मुलं काढून घेतात" ही भीती मी असंख्य आयांच्या तोंडून ऐकली आहे. ती मला कळते, तिला हसण्यावारी नेणार नाही. पण मुलाला आईबापांजवळ ठेवून कुटुंबाला सावरणं हाच या कलमाचा हेतू आहे, आणि घरात पैसे नसणं हा काही मुलांवरचा अत्याचार नव्हे. एवढं मात्र माहीत असू द्या की हा विभाग तुमचा व्हिसा होम ऑफिसकडून तपासून घेतो. व्हिसाची मुदत उलटून गेली असेल तर आधी वकील गाठा, मग तिकडे जा. प्रौढ माणूस गंभीर आजारी किंवा अपंग असेल तर केअर अ‍ॅक्ट २०१४खाली अशीच विचारणा करता येते.

डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बाईला घरात मारहाण होत असेल, पैसे आणि पासपोर्ट नवऱ्याने काढून घेतले असतील, तर तिच्यासाठी होम ऑफिसची वेगळी सवलत आहे. त्यात तीन महिन्यांपुरती पब्लिक फंड्स घेण्याची मुभा मिळू शकते. पण ती मागितल्याने आधीच्या व्हिसावर परिणाम होतो, म्हणून एकटीने फॉर्म भरू नये. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९पासून हेच काम करते आहे आणि दक्षिण आशियाई घरांतली कोंडी त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

सल्ला कुणाकडून घ्यायचा हेही महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये परवान्याशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं गुन्हा आहे, मग तो फुकट दिला तरी. 'फॉर्म भरून देतो, दोनशे पाउंड द्या' म्हणणारा ओळखीचा काका कितीही गोड बोलला तरी त्याच्या नादी लागू नका. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसचा इंग्लंडसाठीचा फोन ०८०० १४४ ८८४८, त्याला पैसे पडत नाहीत. कौन्सिलच्या मदतीच्या अर्जालाही कधी फी नसते. 'अनुदान मंजूर झालंय, बँकेचा तपशील भरा' असा मेसेज आला तर त्यातली लिंक उघडू नका.

काय बोलायचं

आपल्याला अडचण गुळमुळीत सांगायची सवय असते. "थोडं टाइट चाललंय" असं आपण म्हणतो आणि समोरच्याने ओळखून घ्यावं अशी अपेक्षा धरतो. कौन्सिलच्या फोनवरची व्यक्ती ओळखून घेत नाही, तिला चौकटीत खुणा करायच्या असतात. तेव्हा आकडे सांगा. खात्यात किती पाउंड आहेत. पुढचे पैसे कोणत्या तारखेला येणार. घरात किती माणसं, मुलांची वयं काय. अन्न किती दिवसांचं आहे. प्रीपेमेंट मीटरवर किती उरलंय. आणि काय घडलं म्हणून ही वेळ आली: नोकरी गेली, तास कमी झाले, आजारपण आलं, नवरा सोडून गेला. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, मधुमेही किंवा म्हातारं माणूस असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. त्यावरून अर्ज किती तातडीचा ते ठरतं.

इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा मागा. "मराठी" असं स्पष्ट सांगा, हिंदी चालत असेल तर तेही सांगा. दहा वर्षांच्या मुलाला मध्ये घालून त्याच्या तोंडून घरातली तंगी वदवून घेऊ नका. त्या पोरावर त्याचं ओझं राहतं.

कागद तयार ठेवा: गेल्या दोन-तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, पगाराच्या शेवटच्या स्लिपा किंवा नोकरी गेल्याचं पत्र, भाडेकरार, नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि ई-व्हिसाचा शेअर कोड. बँक स्टेटमेंटमध्ये मित्राने उसने दिलेले किंवा भिशीचे पैसे दिसत असतील तर कोणते पैसे कशाचे हे दोन ओळींत लिहून द्या. न लिहिल्यास ते उत्पन्न धरलं जाऊ शकतं.

मदत कधी थेट खात्यात पैसे, कधी सुपरमार्केटचं व्हाउचर, कधी मीटर भरण्याचा कोड, कधी फ्रिज किंवा कुकर अशा रूपात मिळते. नकार आला तर तो लेखी मागा, कारण विचारा आणि फेरविचाराचा अर्ज करा. पहिल्या नकारावर घरी परतू नका. कौन्सिलच्या तक्रार विभागातूनही काही हाती लागलं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन यांच्याकडे जाता येतं. कौन्सिल टॅक्समधली सूट नाकारल्याचा वाद व्हॅल्युएशन ट्रिब्युनलपुढे नेता येतो.

आज रात्रीचं काय

अर्जाचा निकाल लागेपर्यंत चूल थांबत नाही. ट्रसेल या संस्थेच्या फूड बँकांत सहसा व्हाउचर लागतं, ते तुमचा जीपी (फॅमिली डॉक्टर), मुलांची शाळा, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा कौन्सिल देऊ शकतं. त्यावर साधारण तीन दिवसांचा शिधा मिळतो: तांदूळ, पास्ता, डबाबंद बीन्स आणि टोमॅटो, टिकाऊ दूध, चहा, बिस्किटं. शाकाहारी असाल, अंडं चालत नसेल, तर आधी सांगा. आम्हाला पिशवी भरतानाच ते कळलं तर बरं पडतं, आणि त्यात अवघडण्यासारखं काहीही नाही. घरी शिजवायला गॅस-वीज नसेल तर तेही सांगा, म्हणजे नुसतं गरम पाणी घालून होणारं देता येतं.

व्हाउचरशिवायच्या जागाही आहेत. कम्युनिटी पँट्रीत आठवड्याला थोडे पैसे भरून हवं ते निवडून घेता येतं. आणि गुरुद्वारा. साउथॉलच्या हॅवलॉक रोडवर असो की तुमच्या गावात, लंगरमध्ये कुणी नाव विचारत नाही, व्हिसा विचारत नाही, धर्म विचारत नाही. डोकं झाका, बूट काढा आणि पंगतीत बसा. जेवण शाकाहारी असतं. कित्येक मराठी विद्यार्थ्यांनी महिनाअखेर तिथे काढली आहे. १९३२ साली सुरू झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आणि तुमच्या भागातली इतर मंडळं शिधा वाटणाऱ्या संस्था नाहीत. पण तिथला एखादा जुना सभासद तुमच्यासोबत कौन्सिलच्या ऑफिसात येऊ शकतो, आणि सोबत ही लहान गोष्ट नव्हे.

मुलांच्या जेवणाकडे वेगळं लक्ष द्या. इंग्लंडच्या सरकारी शाळांत रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या पहिल्या तीन इयत्तांच्या सगळ्या मुलांना २०१४पासून दुपारचं जेवण मोफत आहे. लंडनमध्ये सप्टेंबर २०२३पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या सगळ्याच मुलांना मिळतं. त्यापुढच्या मुलांसाठी युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सर्व घरांना सप्टेंबर २०२६पासून हा हक्क देण्याचं सरकारने जाहीर केलं आहे. 'नो रिकोर्स' असलेल्या कुटुंबांनाही ठरावीक उत्पन्नाच्या आत असतील तर मोफत जेवण मिळू शकतं, आणि तेही पब्लिक फंड्समध्ये मोडत नाही. शाळेच्या ऑफिसात विचारा. सुट्ट्यांत कौन्सिलतर्फे खेळ आणि जेवणाचे कार्यक्रम असतात, त्याचीही चौकशी तिथेच करा. गरोदर बाई किंवा चार वर्षांखालचं मूल असेल आणि तुम्ही ठरावीक बेनिफिट घेत असाल तर हेल्दी स्टार्टचं कार्ड मिळतं, त्यावर दूध, फळं, भाज्या, डाळी येतात.

थकबाकी साठली असेल तर कोणतं देणं आधी भागवायचं? आपल्याकडची पद्धत अशी, की ज्याच्यासमोर मान खाली जाते त्याचं आधी. मित्राचे पैसे, भिशीचा हप्ता, गावाकडच्या शैक्षणिक कर्जाचा ईएमआय. मी विनवून सांगते, इथे भाडं, कौन्सिल टॅक्स आणि वीज-गॅस आधी. कौन्सिल टॅक्सचा हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं, सात दिवसांत भरला नाही तर पुढे हप्त्यांची सोय जाऊन वर्षाची सगळी रक्कम एकदम मागितली जाऊ शकते, मग कोर्टाचा आदेश, मग दारात बेलिफ, आणि प्रत्येक पायरीवर खर्च वाढतो. पहिल्याच पत्रावर फोन केला तर बहुतेक कौन्सिलं हप्ते बदलून देतात. कर्ज हाताबाहेर गेलं असेल तर नॅशनल डेटलाइनला ०८०८ ८०८ ४०००वर फोन करा. अधिकृत कर्ज-सल्लागारामार्फत 'ब्रीदिंग स्पेस' मिळू शकते, तिच्यात ६० दिवस वसुली आणि बहुतेक व्याज थांबतं. घर सोडावं लागण्याची चिन्हं दिसली तर ५६ दिवस आधीपासून कौन्सिलने लक्ष घालावं असा कायदा आहे. व्हिसाच्या अटीमुळे घर मिळत नसलं तरी सल्ला सगळ्यांना मोफत असतो.

शेवटी विद्यार्थ्यांबद्दल, आणि हे आईवडिलांनी नीट वाचावं. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला कौन्सिल टॅक्स माफ असतो, पण त्यासाठी विद्यापीठाचं पत्र कौन्सिलला पाठवावं लागतं. नोटीस आली म्हणून घाबरून भरू नका. बहुतेक विद्यापीठांत हार्डशिप फंड असतो, तो विद्यापीठाचा पैसा आहे, त्याने व्हिसाची अट मोडत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना किती आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. सत्र चालू असताना पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आठवड्याला सहसा २० तासच काम करता येतं. भूक लागली म्हणून रोखीने जास्तीचे तास करणं फार महागात पडतं. अशा वेळी आधी हार्डशिप फंडाचा अर्ज भरावा.

फोनवर मुलगा "मी मजेत आहे" म्हणतो. आईने "जेवलास का?" विचारलं की "हो" म्हणतो. त्यापेक्षा त्याला विचारा, आज काय शिजवलंस, फ्रिजमध्ये आत्ता काय आहे, या महिन्याचं भाडं गेलं का. उत्तर द्यायला तो थबकला तर रागावू नका आणि घर गहाण टाकायलाही धावू नका. विद्यापीठाच्या स्टुडंट सपोर्टला उद्या सकाळी मेल करायला सांगा, आणि तो मेल गेला का, हे संध्याकाळी पुन्हा फोन करून विचारा.